गरोदरपणातलं बीपी गेलं तरी ती फाईल टाकू नका

मागच्या अंकात गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रोटीन जाणं, किडनी-लिव्हरला त्रास असं सुरू होतं त्यावर, म्हणजे प्रीएक्लॅम्पसियावर लिहिलं होतं. त्यात शेवटी एकच ओळ होती, की हा त्रास झालेल्या बायकांना पुढे हार्टचे आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. त्या एका ओळीवर इतके मेसेज आणि पत्रं आली की यावेळचं सदर सगळं त्यालाच देतेय. बहुतेक पत्रं तिशीच्या अलीकडच्या पलीकडच्या मुलींची आहेत आणि सूर एकच, डिस्चार्ज देताना बाळाच्या लशींचं सांगितलं, टाक्यांचं सांगितलं, अंघोळ कधी करायची तेही सांगितलं, पण माझ्या हृदयाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. नावं अर्थातच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची, नाशिकला असते. ३४ व्या आठवड्यात अचानक बीपी १७०/११० झालं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, रात्रीच सिझर करावं लागलं. मुलगी बरेच दिवस काचेत होती, आता ८ महिन्यांची आहे आणि मस्त आहे. माझ्या गोळ्या दोन महिन्यांत बंद झाल्या, बीपी आता १२०/८० च्या आसपास असतं. तुमची ती ओळ वाचली आणि झोपच उडाली. सासूबाई म्हणतात बाळंतपणातलं दुखणं बाळंतपणात गेलं, उगाच कशाला उकरून काढतेस. खरं काय समजायचं?

आधी एक सांगते, तू आणि मुलगी दोघी सुखरूप आहात ही फार मोठी गोष्ट आहे, कारण १७०/११० हे साधं प्रकरण नव्हतं. आणि सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. बहुतेक जणींचं बीपी बाळंतपणानंतर १२ आठवड्यांत खाली येतं, तुझंही आलं. पण बीपी खाली आलं म्हणजे रक्तवाहिन्या पहिल्यासारख्या झाल्या असं नसतं, आणि हेच कोणी नीट सांगत नाही.

काय होतं बघ. वारेला, म्हणजे प्लासेंटाला, रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या पहिल्या काही महिन्यांत चांगल्या रुंद व्हायला लागतात. काही बायकांत त्या तेवढ्या होत नाहीत, मग वारेला रक्त कमी पडतं आणि तिच्यातून अशी काही प्रोटीन्स आईच्या रक्तात यायला लागतात जी अंगभरच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देतात. त्यातूनच बीपी, सूज, डोकेदुखी, किडनी, लिव्हर सगळं सुरू होतं. म्हणजे हा नुसता पोटातल्या बाळाचा आजार नाही, तो आईच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे. वार बाहेर आली की कारण जातं, पण त्या अस्तराला लागलेला मार सगळ्यांचा पूर्ण भरून येतोच असं नाही. शिवाय काही जणींच्या रक्तवाहिन्या मुळातच थोड्या नाजूक असतात, घरात बीपी-शुगर असते, वजन जास्त असतं. गरोदरपणात हृदयाला एरवीपेक्षा ३० ते ५० टक्के जास्त रक्त पंप करावं लागतं, त्या ताणात ही गोष्ट वीस वर्षं आधीच उघडी पडते. मला विचारशील तर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कोणात एक जास्त कोणात दुसरी.

आता आकडे, कारण तू घाबरलीयेस आणि अर्धवट आकड्यांनी माणूस जास्त घाबरतो. २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला होता, जवळपास ३५ लाख बायकांच्या माहितीवरचा. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बायकांना पुढे कायमचं बीपी लागण्याची शक्यता इतरांच्या साधारण पावणेचार पट, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची दुपटीहून थोडी जास्त, आणि स्ट्रोकची पावणेदोन पटीच्या वर. आता दुप्पट म्हटलं की धस्स होतं, पण २९ वर्षांच्या मुलीला हार्ट अटॅक येण्याची शक्यता मुळात इतकी कमी असते की तिची दुप्पटही कमीच राहते. त्यामुळे आज रात्री झोपेत काही होईल असं समजून जागू नकोस. खरी काळजी बीपीची आहे, कारण ते लवकर येतं आणि गुपचूप येतं. डेन्मार्कमध्ये देशभरातल्या बायकांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. पहिल्या गरोदरपणात बीपी वाढलेल्या बायकांपैकी विशीतल्या १४ टक्के जणींना आणि चाळिशीतल्या ३२ टक्के जणींना दहा वर्षांच्या आत कायमचं बीपी लागलं. ज्यांना तो त्रास नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ४ ते ११ टक्के होतं. म्हणजे म्हातारपणाची वाट बघायचं कारणच नाही, मुलगी चौथीत जाईपर्यंत तुला बीपी लागलेलं असू शकतं आणि ते तुला कळणारही नाही कारण बहुतेकांना काहीच होत नसतं.

मग करायचं काय. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन बघायचं असतं, ते झालं नसेल तर आता कर, सोबत क्रिएटिनीन (किडनीसाठी), उपाशीपोटी शुगर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), आणि लिपिड प्रोफाईल (कोलेस्टेरॉल वगैरे). त्यानंतर दरवर्षी एकदा बीपी, न चुकता. मुलीच्या वाढदिवसाच्या महिन्यात करून टाक म्हणजे विसरायला होणार नाही. शुगर-लिपिड किती दिवसांनी करायचं ते पहिले रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. कंबर मोज, आपल्याकडच्या बाईची ८० सेंटीमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. वजनाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, २५ पर्यंत चालतो असं गुगल सांगेल, पण आपल्या लोकांसाठी २३ च्या वरच जास्त धरतात, आणि आपल्याकडे हार्टचा आजार पाश्चात्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी येतो हेही लक्षात ठेव. अंगावर पाजतेयस तर ते जमेल तेवढं चालू ठेव, बाळासाठी चांगलं आहेच पण आईच्या बीपी आणि शुगरलाही त्याचा फायदा होतो.

आणि ती फाईल. डिस्चार्ज कार्ड, बीपीचे चार्ट, लघवीचे रिपोर्ट, सगळ्याचे फोटो काढून मोबाईलमध्ये ठेव आणि नवऱ्यालाही पाठव. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ सालीच बायकांच्या हृदयाच्या धोक्यांच्या यादीत प्रीएक्लॅम्पसिया घेतलाय, पण आपल्याकडे अजूनही पंचेचाळिशीतली बाई छातीत दुखतंय म्हणून गेली की शुगर आहे का, बीपी आहे का, तंबाखू-मिश्री आहे का एवढंच विचारतात, गरोदरपणात काय झालं होतं हे क्वचितच कोणी विचारतं. त्यांनी नाही विचारलं तर तू सांगायचं. सरकारी तपासणीबद्दलही एक बोलते. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या सरकारी आरोग्य केंद्रात, बीपी-शुगरची मोफत तपासणी होते, पण आशाताई ज्यांना शोधून बोलावतात त्या तिशीच्या पुढच्या. आपल्याकडे कितीतरी मुलींची दोन्ही बाळंतपणं पंचविशीच्या आत उरकलेली असतात, त्या या यादीत पाच-सात वर्षं येतच नाहीत. मला हे फार खटकतं. ज्यांची फाईल आधीच सांगतेय की हिच्याकडे लक्ष द्या, त्यांच्यासाठी तिशीची अट कशाला? असो, तू कोणाच्या बोलावण्याची वाट बघू नकोस, जाऊन बीपी बघा म्हण, कोणी नाही म्हणत नाही.

प्रश्न : मी बाळंत होऊन ९ दिवस झाले, नॉर्मल डिलिव्हरी, सध्या माहेरी आहे रत्नागिरीजवळ. शेवटच्या महिन्यात बीपी १५० पर्यंत जायचं, घरी सोडताना ठीक होतं म्हणून गोळी दिली नाही. कालपासून डोकं जाम ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आई म्हणते वारं लागलं, कानाला फडकं बांधून शेक दिलाय. हे बीपीमुळे असेल का?

हा मेसेज ज्या दिवशी आला त्याच दिवशी तिला उत्तर दिलं होतं, की पुढचं काही वाचू नकोस, आत्ता गाडी काढा आणि ग्रामीण रुग्णालयात किंवा सिव्हिलला जा, गाडी नसेल तर १०८ लावा. बीपी १८० च्या वर निघालं, ॲडमिट करून झटके, म्हणजे फिट, येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं, गोळ्या सुरू झाल्या, आता ती घरी आहे आणि ठीक आहे. इथे छापतेय ते तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरी आत्ता बाळंतीण असेल म्हणून.

बाळ झालं की बीपीचा प्रश्न संपला असं सगळे धरून चालतात. उलट बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी सगळ्यात वर जातं, म्हणजे नेमकं घरी सोडल्यावर, आणि झटके सहा आठवड्यांपर्यंत कधीही येऊ शकतात. गरोदरपणात बीपी अगदी नॉर्मल होतं अशांनाही नंतर वाढू शकतं. त्यामुळे सव्वा महिन्यात न थांबणारी डोकेदुखी, अंधारी किंवा काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप, चेहऱ्यावर एकदम सूज, यातलं काहीही झालं तरी शेक नंतर, आधी बीपी. १६०/११० किंवा त्याच्या वर असेल तर ती इमर्जन्सीच. आईचं ऐकायचंच नाही असं मी म्हणत नाहीये, माया तिची खरी आहे, पण वारं लागलंय की बीपी वाढलंय हे हात लावून कळत नाही, मशीन लावूनच कळतं.

मॅग्नेशियमच्या इंजेक्शनला घरचे घाबरतात म्हणून सांगते, २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांवर त्याची चाचणी झाली आणि झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. आपल्या सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी तर आपल्याकडच्या बायकांच्या अंगकाठीला झेपेल अशी कमी डोसची पद्धत वापरून दाखवली.

अजून एक, आणि हे थेट हृदयाचंच आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत काही जणींचं हृदयच कमजोर पडतं, पंपिंग कमी होतं, आणि प्रीएक्लॅम्पसिया झालेल्यांत हे जास्त दिसतं. आडवं झालं की धाप लागते, दोन-तीन उशा घेऊन झोपावं लागतं, रात्री खोकला, पायावर सूज वाढतच जाते. घरचे म्हणतात जागरणं आहेत, अशक्तपणा आहे, लाडू खा. अशा वेळी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायचा हट्टच धरा, वेळेत कळलं तर बऱ्याच जणी पूर्ण बऱ्या होतात.

घरी बीपीचं मशीन घ्या, दंडाला लावायचं, मनगटाचं नको, दीड-दोन हजारात येतं. ऑक्सफर्डला २२० बायकांवर एक अभ्यास झाला, २०२३ मध्ये आला. अर्ध्या जणींनी बाळंतपणानंतर घरीच रोज बीपी मोजलं आणि त्यावरून डॉक्टरांनी लांबूनच गोळ्या कमी-जास्त केल्या. नऊ महिन्यांनी त्यांचं खालचं बीपी नेहमीसारखी ट्रीटमेंट घेतलेल्यांपेक्षा जवळजवळ ६ ने कमी होतं, आणि तोवर बहुतेकींच्या गोळ्या बंदही झालेल्या होत्या. म्हणजे ते पहिले काही आठवडे बीपी नीट धरलं तर पुढेही फायदा राहतो. मला हे वाचून खरंच फार बरं वाटलं होतं, कारण इतकी स्वस्त आणि साधी गोष्ट आपल्याकडेही सहज होण्यासारखी आहे.

प्रश्न : डॉक्टर, मी कोल्हापूरहून लिहिते, प्रश्न लेकीचा आहे. ती ३६ वर्षांची, दहा वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला तिला झटके आले होते. आता बीपी दोनदा १५०/९६ निघालं. गोळी घ्यायला तयार नाही, एकदा लागली की जन्मभर मागे लागते म्हणते. सकाळी दुधीचा रस आणि लसूण घेते. हल्ली जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होतं, ती म्हणते पित्त आहे. तिला कसं समजावू?

ताई, आधी शेवटचं वाक्य. जिना चढताना छातीत आवळतं आणि थांबलं की बरं वाटतं, याला पित्त म्हणायच्या आधी ईसीजी करायचा, आणि तिची हिस्ट्री बघता कार्डिऑलॉजिस्टला दाखवून पुढे टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) किंवा इको लागेल तो करायचा. या आठवड्यात, पुढच्या महिन्यात नाही. साधा ईसीजी नॉर्मल आला म्हणून विषय सोडू नका, बसल्या जागी काढलेला ईसीजी अशा दुखण्यात नॉर्मल असू शकतो. बायकांत छातीच्या मधोमध कळ येतेच असं नाही, जबडा दुखतो, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये दुखतं, मळमळतं, दरदरून घाम येतो, विलक्षण थकवा येतो, आणि घरात सोड्याची पुडी शोधली जाते. बसल्या जागी दुखायला लागलं आणि थांबेना तर पुडी नाही, थेट हॉस्पिटल.

आता गोळीचं. तिला सांगा, गोळीची सवय लागत नाही. आजार राहतो म्हणून गोळी राहते. वजन उतरलं, मीठ कमी झालं, बीपी खाली आलं तर डॉक्टर डोस कमी करतात, कधी बंदही करतात. पण ३६ व्या वर्षी झटक्यांची हिस्ट्री असलेल्या बाईने १५०/९६ वर वाट बघत बसणं मला अजिबात पटत नाही. दवाखान्यात भीतीने वाढतं असं तिला वाटत असेल तर आठवडाभर घरी मोजू दे, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, आधी पाच मिनिटं गप्प बसून, पाय जमिनीला टेकवून, हात छातीच्या उंचीवर टेकवून, अर्धा तास आधी चहा नाही आणि मोजताना बोलायचं नाही. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ते बीपीच. कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा बघितला की माणूस कधीकधी आईपेक्षा जास्त ऐकतो.

लसूण भाजीत घालू दे, गोळीच्या जागी नको. दुधीच्या रसाबद्दल मात्र कडक सांगते, कडू दुधीच्या रसाने विषबाधा होऊन माणसं गेलेली आहेत, कडू लागला की एक घोटही पुढे घ्यायचा नाही. त्यापेक्षा मीठ बघा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, खर्डा, चटणी, फरसाण, बेकरीची खारी सगळं आलं. ताटाच्या कडेला मीठ वाढायची पद्धत बंद करा. आणि रोज अर्धा तास तरी भरभर चालणं, पण ते छातीची तपासणी झाल्यावर, आत्ता नाही.

प्रश्न : पुण्यात आयटीत आहे, ३२ वर्षं. पहिल्या वेळी ३३ व्या आठवड्यात प्रीएक्लॅम्पसियामुळे सिझर. बीपी पूर्ण गेलंच नाही, टेलमिसार्टन चालू आहे, आता १२५/८० असतं. दुसरा चान्स घ्यायचाय. घेऊ का?

बहुतेक जणी घेऊ शकतात, पण टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर डॉक्टरकडे जायचं असं नाही, आधी जायचं. टेलमिसार्टन आणि त्या गटातल्या गोळ्या गरोदरपणात बाळाच्या किडनीला घातक असतात, म्हणून प्लॅनिंग सुरू करतानाच डॉक्टर ती बदलून लॅबेटालॉल किंवा निफेडिपिनसारखी गोळी देतात. स्वतःहून बंद करू नकोस, बदलून घे. त्याआधी किडनी, लघवीतलं प्रोटीन, शुगर, थायरॉईड आणि एक इको करून घे.

परत होण्याची शक्यता सगळ्या मिळून सहा-सात जणींत एकीला असते, तुझ्यासारखं ३४ आठवड्यांच्या आधी झालं असेल तर साधारण तिघींत एकीला. पण यावेळी हातात काहीतरी आहे. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात जास्त धोक्याच्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करून ३६ आठवड्यांपर्यंत रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, तर ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. उशिरा सुरू केली तर तेवढा उपयोग नाही, म्हणून पहिल्याच व्हिजिटला तूच विषय काढ, आणि सुरू मात्र डॉक्टरांनीच करायची. कॅल्शियमच्या गोळ्या कंटाळून टाकून देऊ नकोस, त्या फक्त हाडांसाठी नसतात, आहारात कॅल्शियम कमी असेल तर प्रीएक्लॅम्पसियाही त्यांनी कमी होतो. वजन जास्त असेल तर चार-पाच किलो आधी उतरव. आणि डेडलाईन, रात्रीचे कॉल याबद्दल मॅनेजरशी आधीच बोलून ठेव, तपासणीला सुट्टी मागताना संकोच करायचा नाही.

प्रश्न : मी अमरावतीची, बीपीमुळे सिझर झालं, बाळ ५ महिन्यांचं. बीपी अजून कधी १४५ कधी १३०. पाळणा लांबवायला माला-एन घेऊ का? आणि डिंकाचे लाडू बंद करायचे का?

माला-एन आत्ता नको. त्यात इस्ट्रोजेन आहे, त्याने बीपी वाढू शकतं आणि रक्ताच्या गुठळीचा धोकाही असतो, शिवाय अंगावर पाजताना सहा महिन्यांच्या आत ती देतच नाहीत. तांबी बसवून घे, बीपीवर तिचा काही परिणाम नाही आणि सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात. तांबी नको असेल तर छाया गोळी आहे, तिच्यात हॉर्मोन नाही. अंतरा या पाळणा लांबवायच्या हॉर्मोनच्या इंजेक्शनचं मात्र बीपी दाखवून डॉक्टरांना विचारूनच ठरव. पाच महिने झाले तरी १४५ येतंय म्हणजे तुझं बीपी आता बाळंतपणाचं राहिलेलं नाही, फिजिशियनला दाखव. अंगावर पाजताना चालणाऱ्या गोळ्या आहेत, एनालाप्रिल, निफेडिपिन, अॅमलोडिपिन, त्यामुळे दूध तोडावं लागेल या भीतीने टाळू नकोस. लाडू खा, दिवसाला एक, छोटा, पण पाच महिन्यांनंतर रोज तूप-गूळ-डिंकाची तशी गरज उरत नाही. अळीव, शेपू, मेथीची भाजी चालू ठेव, आणि भातावर कच्चं मीठ घेत असशील तर ते आजपासून बंद.